एकाच बॉडीवर दोन दुखणी

2016 चा मे. दुपारी अडीचच्या उन्हात भाचा बुटाचा खोका छातीशी धरून दारात उभा. आत कापसावर निजवलेली मोटारीची बॉडी होती, तळहातावर मावेल एवढी: 1932 ची फोर्ड, तीन खिडक्यांची कूप, 1/25 मापाची. तो काही बोलला नाही, मीही नाही. छपरावर जुन्या चिनी कपाला पडतं तसं बारीक रेघांचं जाळं. दाराला बोट लावलं तर थापलेल्या भाकरीच्या पाठीसारखं खरखरीत, पीठ राहिल्यागत.

"मामा, थिनरनं खाल्ली का ओ?"

"छप्पर खाल्लं. दार नाही खाल्लं."

त्याला ते पटलं नाही. एकाच डब्यातला रंग, एकच गन, एकच माणूस. मग दुखणं वेगळं कसं? या प्रकरणात मला खरं सांगायचंय ते एवढंच, की दुखणी दोन होती, आणि एकावरचं औषध दुसऱ्याला विष होतं. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

ज्यांना किटमधून अशा छोट्या प्लास्टिकच्या गाड्या जोडायचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं. फोर्डनं 1932 साली साध्या माणसाच्या खिशाला झेपेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन घातलं. 221 घनइंच, म्हणजे साधारण 3.6 लिटर, ताकद 65 हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसवलेले, त्यामुळे वरचं हेड सपाट, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणायचं. पुढं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी याच जुन्या गाड्या स्वस्तात उचलल्या, वजन कमी करायला फेंडर काढून फेकले, इंजिनात हात घातला आणि म्युरोकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पळवल्या. तिथल्या क्लबांची संघटना 1937 ची. हॉट रॉड म्हणतात ते हे. फेंडर नाहीत आणि बॉडी चासीच्या वर, मूळ जागीच, तर हायबॉय. बॉडी चासीवर खाली उतरवली तर चॅनल केलेली. खांब कापून छप्पर बसकं केलं तर चॉप. भाच्याला हायबॉय करायची होती. खऱ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 106 इंच, म्हणजे 2692 मिलिमीटर; त्याला 25 नं भागलं की 107.7. पहिल्याच दिवशी त्यानं चासीला व्हर्नियर लावून हे मोजलं होतं. पोरगं डिप्लोमा मेकॅनिकलचं. मोजण्यात चुकणारं नव्हतं.

चुकलं ते रंगात. किटसाठी वर्षभर साठवलेले पैसे गेले होते, एअरब्रश घ्यायला उरले नव्हते. मला विचारायचं सोडून, म्हणजे मामाला एकदम तयार गाडीच दाखवायची म्हणून, तो ओळखीच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेला. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचा हात मी पाहिलाय. ट्रॅक्टरचं बॉनेट असं काढतो की चेहरा बघावा. पण त्याची सवय पत्र्याची.

मी भाच्याला समोर बसवून त्या दुपारचा हिशेब मिनिटामिनिटानं काढून घेतला. हे काम कंटाळवाणं असतं, पण निम्मं प्रकरण इथंच सुटतं. किती वाजता? एक-दीड. कुठं? पत्र्याच्या शेडखाली. पारा? चाळिशीपार, शेडखाली त्याहून वर. प्रायमर? नाही, "प्लास्टिक गुळगुळीतच आहे की" म्हणून थेट रंग. थिनर? एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचा, दुकानातला नेहमीचा. पहिला हात? दुरून, हलका. कसा बसला? "वाळूसारखा." मग? मग पेंटरनं तेच केलं जे कुणीही पेंटर करील. रंग हवेतच वाळायलाय म्हणून त्यात थिनर वाढवला, गन जवळ आणली आणि छपरावर ओला, भरगच्च हात मारला. दोन मिनिटांत छप्पर लकलकीत झालं. पाचव्या मिनिटाला जाळं उठलं. दारांपर्यंत तो पोचलाच नाही, घाबरून थांबला.

म्हणून दार खरखरीत आणि छप्पर भेगाळ. दारावर पहिला, कोरडा हात तसाच राहिला होता: गनमधून निघालेल्या थेंबातलं थिनर वाटेतच उडून गेलं आणि बॉडीवर पोचली ती रंगाची भुकटी. छपरावर उलटं झालं. पातळ केलेलं, ओलं थिनर उघड्या पॉलिस्टायरिनवर जास्त वेळ बसलं आणि त्यानं प्लास्टिक चावलं. उन्हाचं दुखणं बरं करायला थिनर वाढवायचा, की थिनरचं दुखणं सुरू.

आता हे मी सांगून तो मानणार नव्हता, आणि मलाही एक गोष्ट छळत होती. जाळं सगळ्या छपरावर सारखं नव्हतं. मागच्या काचेच्या चौकटीपाशी दाट, पुढं येईल तसं विरळ. रंग तर सगळीकडं सारखाच ओला पडला होता. माझा मेव्हणा वाळूज एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या खात्यात आहे. त्याला फोन लावला. त्यानं आधी विचारलं, "दाजी, आतून बघा, गेटची खूण कुठंय?"

गेट म्हणजे साच्यात वितळलेलं प्लास्टिक जिथून शिरतं ती जागा. छप्पर उलटं करून भिंगातून पाहिलं. मागच्या चौकटीच्या आतल्या अंगाला, कापून घासलेला छोटा चौकोन. तिथंच. मेव्हण्याचं म्हणणं असं की प्लास्टिक दाबाखाली शिरतं, बाहेरून चटकन गार होतं आणि आतला ताण तसाच कोंडून राहतो. गेटपाशी तो जास्त. वरून बघून कळत नाही, पण तिखट थिनर लागलं की तो ताण रेघेनं फुटून बाहेर येतो. "थिनर नुसतं दार उघडतंय दाजी, आत दंगा आधीच असतोय."

फेंडरचे तुकडे

हायबॉयला फेंडर लागत नाहीत, आणि या किटमध्ये चारही फेंडर पायफळ्यांसकट एकसंध ओतलेले होते. तेच प्लास्टिक, तोच रंग, तोच साचा. चाचणीला याहून चांगलं काय मिळणार? बारीक करवतीनं चार तुकडे केले, मागं सुईनं आकडे कोरले. गॅरेजवाल्याकडून त्याच डब्यातला पावभर रंग आणि थिनर मागून आणला. दिला बिचाऱ्यानं, पैसेही घेतले नाहीत.

पहिल्या तुकड्यावर उघड्या प्लास्टिकवर हलका, दुरून, भरदुपारी. आला खरखरीत, दारासारखाच. भेग एकही नाही. दुसऱ्यावर उघड्या प्लास्टिकवरच जास्त थिनर घालून ओला हात. चार-पाच मिनिटांत जाळं, आणि गेटच्या टोकाला सगळ्यात दाट. भाच्यानं घड्याळ लावून पाहिलं आणि पहिल्यांदा मान हलवली. तिसऱ्यावर आधी पाण्यावर चालणारा ॲक्रिलिक प्रायमर, रात्रभर वाळवून मग एनसीचा रंग, धुक्यासारखे दोन हात आणि शेवटी एक ओला. मधला भाग सुरेख. कडेला मात्र, जिथं घासताना प्रायमर उडून प्लास्टिक उघडं पडलं होतं, तिथं केसाएवढ्या रेघा.

या तिसऱ्या तुकड्यावर आमचं भांडण झालं. भाचा म्हणे, कडा जपू आणि हेच करू, रंग आहेच की उरलेला. मी म्हणालो, फेंडरच्या तुकड्याला एक कड आहे, बॉडीला किती? दारांच्या फटी, काचांच्या चौकटी, कमरेची उठावाची पट्टी, बिजागऱ्या. एवढ्या कडांवर एकदाही पेपर घसरणार नाही म्हणतोस? शिवाय गाडीवरचा रंग साधारण 100 मायक्रॉनचा थर धरतो. खऱ्या गाडीला तो ठीक. इथं 25 नं गुणला की अडीच मिलिमीटर होतो. पोळीएवढा जाड रंग चढवलेली फोर्ड कुणी पाहिलीय?

चौथा तुकडा पहाटे साडेपाचला. एनसी बाजूला ठेवून तामिया कंपनीचा, मॉडेलांसाठीचा एक्स-1 काळा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पातळ केलेला, वर दोन थेंब रिटार्डर. हे अल्कोहोल पॉलिस्टायरिनला चावत नाही आणि लातुरात ते मिळतं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. पोरं त्यानं बोर्ड धुतात. रिटार्डर रंगाला सावकाश वाळवतो, म्हणजे दुपारचं दुखणं पहाटेच अर्धं झालेलं, उरलेलं त्या दोन थेंबांनी. हाच रिटार्डर एनसीत घालून उघड्या प्लास्टिकवर मारला असता तर थिनर आणखी वेळ ओला राहिला असता आणि भेगा दुप्पट झाल्या असत्या. चौथा तुकडा नितळ आला. मग भाच्यानं कँडी लाल रंगाचा हट्ट सोडला. तोवर तो सोडायला तयार नव्हता हे सांगायचं राहिलं. कँडी म्हणजे चंदेरी नाहीतर सोनेरी थरावर पारदर्शक रंग, जितके हात तितका गडद, आणि खालच्या प्रत्येक रेघेला वरून भिंग लावल्यागत. डागी बॉडीवर कँडी म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःची चहाडी.

मधे मी रेड ऑक्साइड, तो तांबडा प्रायमर, सुचवून पाहिलं. जुन्या काळी कित्येक हॉट रॉड नुसत्या प्रायमरवरच फिरायच्या, आणि मॅट रंगात सगळं झाकलं जातं. भाचा उखडलाच. "मामा, घराच्या गेटाला मारत्यात त्यो रंग?"

मग काळा ठरला.

रंग उतरवणं, आणि पाणी

जुना रंग काढायला ब्रेक ऑइल, साधं डॉट-3. आधी दुसऱ्या तुकड्याचं एक टोक बुडवून रात्रभर ठेवलं, प्लास्टिक मऊ किंवा ठिसूळ होत नाही ना हे पाहायला. नाही झालं. मग स्टीलच्या डब्यात बॉडी. सकाळी रंग सालीसारखा सुटला होता. हातात मोजे, जुना टूथब्रश, भांड्याचा साबण. ते ऑइल मोरीत ओतायचं नाही, बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडं द्यायचं.

रंग गेला. भेगा राहिल्या. त्या रंगात नव्हत्याच, प्लास्टिकातच होत्या. भाच्याचा चेहरा पडला. यातल्या एका वाटेनं बरेच जण जातात: राहू दे तसंच, जुनाट दिसेल, रॅट रॉड म्हणू. मला ती पळवाट वाटते. भेग 0.2 मिलिमीटरची धरली तरी खऱ्या मापात पाच मिलिमीटर होते. पोलादी छपराला पाच मिलिमीटरच्या भेगांचं जाळं पडलेलं कुठं असतं? गंज पडतो, भोक पडतं, पोचा येतो. जाळं नाही.

म्हणजे घासणं आलं. 400 चा वॉटर पेपर, मग 600, मग 1000. आणि वॉटर पेपरला पाणी लागतं.

त्या उन्हाळ्यात लातूरचं काय झालं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल ते कुणालाच माहीत नसायचं. अशात मी अंगणात बसून खेळण्यातली मोटार पाण्यानं घासतोय. बायको दारात उभी राहून फक्त एवढंच म्हणाली, "तिकडं रेल्वेनं पाणी यायलंय, अन् तुम्ही गाडी धुवायलात." त्यात शिवी नव्हती, पण होतीही.

लिटरभर पाण्याचा तांब्या ठरवून घेतला. त्यात साबणाचा एक थेंब. रात्री गाळ तळाला बसू द्यायचा, सकाळी वरचं नितळ पाणी जुन्या बनियनच्या फडक्यातून दुसऱ्या तांब्यात. फडकं आवश्यक, नाहीतर पेपरचा सुटलेला खडा परत येऊन ओरखडा काढतो. आटलेल्यात वाटीभर भर घालत त्याच पाण्यावर आठ दिवस काढले. दोन बाजू, मागची डिकी, पुढची काऊल, म्हणजे समोरच्या काचेखालचा भाग. दारांवर तर खरखरच होती, ती रंगाबरोबरच गेली होती. छपरावरून थिनर ओघळलं होतं तिथं, उजव्या दाराच्या मागं, रेघा खोल होत्या. घासता घासता तिथली कमरेची पट्टी सपाट झाली.

1932 च्या फोर्डचं सौंदर्य निम्मं त्या पट्टीत आहे. बॉनेटपासून निघून खिडक्यांखालून मागं वळणारी ती उठावाची रेघ गेली तर गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. ती परत आणायची जुनी युक्ती आहे: किटचे भाग ज्या दांडीला चिकटून येतात ती स्प्रू. वीतभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीत नाही, वर, बोटांनी फिरवत धरायचा. आधी तो चमकतो, मग मधोमध लवतो. लवला की बाजूला घेऊन एक श्वास थांबायचं आणि दोन्ही हात सावकाश लांब न्यायचे. घाईनं ओढला तर केस, हळू ओढला तर सुतळी. आम्हाला 0.4 चा हवा होता. सतरा-अठरा ओढल्यावर दोन जमले. पंखा बंद, कारण धागा वाऱ्यानं हलतो. मे महिन्यात, दुपारी, पंखा बंद. धागा जागेवर ठेवून प्लास्टिक जोडायच्या पातळ सिमेंटचा ब्रश नुसता टेकवला, ते आपोआप खाली शिरलं. जास्त झालं तर धागाच विरघळतो. एक तसा विरघळला, म्हणून दोन लागले.

छप्पर

छपराचं काय करायचं यावर मी दोन रात्री काढल्या. मागच्या चौकटीपाशी भेगा इतक्या खोल की घासत गेलो तर भोक पडलं असतं. मग एक गोष्ट आठवली जी आधीच आठवायला हवी होती. त्या काळच्या बंद फोर्डचं छप्पर पूर्ण पोलादी नसायचंच. एवढा रुंद पत्रा एकसंध दाबून काढणं तेव्हा सोपं नव्हतं. मधे कापडी आवरणाचा चौकोन असे. फोर्डला पूर्ण पोलादी छप्पर आलं 1937 ला. पुढं बरेच हॉट रॉडवाले तिथं पत्रा भरून घेत, पण कापडी ठेवणारेही होते.

मेडिकलमधून दोन इंची मायक्रोपोर टेप आणली. जखमेवरची पट्टी चिकटवतात तीच. तिचा पोत या मापाला अगदी ताणलेल्या कापडासारखा दिसतो. चौकोन कापून चिकटवला, कडेनं स्प्रूचाच बारीक काठ, वरून पातळ मॅट काळा. सगळ्या खोल भेगा त्या चौकोनाखाली गेल्या. ही लपवाछपवी नाही का? आहे. पण फोर्डनंच ठेवलेल्या जागी आहे.

बॉडी पहाटे न्हाणीघरात रंगवली, कपडे धुतलेलं पाणी फरशीवर शिंपडून, धूळ बसावी म्हणून. आधी प्रायमर. त्यावर 15 पीएसआय दाब, तीन-चार इंचावरून, पंधरा-पंधरा मिनिटांनी चार पातळ हात. सात वाजता थांबायचं, ऊन वर यायच्या आत. दहा दिवस हात लावला नाही. मग 2000 चा पेपर, आणि शेवटी टूथपेस्ट सुती फडक्यावर.

चासी, सीट, चाकं याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पोरानं ते नीटच केलं होतं. काचा फेविकॉलनं बसवल्या, कारण सुपरग्लूच्या वाफेनं काच पांढरी पडते. क्रोमच्या भागांवरच्या जोडरेषांचं मी बोललो, त्यानं ऐकून सोडून दिलं.

इंजिनाला मात्र एक दुपार गेली. फ्लॅटहेडला आठ प्लग, आठ वायरी. खरी वायर सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे इथं 0.3. पंपाच्या मोटारीच्या वायंडिंगची 30 गेजची तार 0.315 मिलिमीटरची असते, 25 नं गुणली की 7.9. आपल्याकडं मोटारी भरणारी दुकानं हाकेवर. भाच्याला पाठवलं. दुकानदार म्हणाला, "किती पाहिजे?"

"वीतभर."

"वीतभर? मोटार कितीची हाय?"

"पासष्ट हॉर्सपॉवर."

त्यानं याच्याकडं नुसतं पाहिलं. साडेसात हॉर्सपॉवरच्या पंपाला किलोकिलोनं तांबं जातं हे त्याला रोजचं. तार फुकट दिली.

घरी येऊन बघतो तर भाच्यानं वायरींचा, म्हणजे प्लग पेटायचा क्रम नेटवरून उतरवलेला: 1-8-4-3-6-5-7-2. तो शेवरोलेच्या व्ही-8 चा. फ्लॅटहेडचा क्रम 1-5-4-8-6-3-7-2. दोन वायरी चिकटवूनही झाल्या होत्या, आणि त्याही मागच्या बाजूला नेऊन. शेवरोलेचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना वीज वाटणारा भाग, इंजिनाच्या मागं असतो, फ्लॅटहेडचा पुढं. मी म्हणालो, क्रम चुकला तरी चालेल, भिंग घेऊनही कुणी मोजणार नाही. पण पुढचं मागं गेलं तर जाणकाराला दारातूनच कळतं. त्यानं दोन्ही दुरुस्त केलं. मला ते आवडलं, पण बोललो नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी उभी राहिली. गॅरेजवाला येऊन बघून गेला. बोट न लावता, पाठीमागं हात बांधून, सगळ्या बाजूंनी. मग चौथा तुकडा हातात घेऊन उजेडाकडं धरला आणि म्हणाला, "पहाटे मारला व्हय."

साधारण महिन्यानं उजव्या दाराच्या मागं, ट्यूबलाइट तिरपी पडली की, दोन केसाएवढ्या रेघा परत दिसू लागल्या. रंग पूर्ण वाळून आकसला, आणि खालची, पुरती न गेलेली भेग वर आली. भाच्यानं विचारलं, परत उतरवायची का? मी म्हणालो तुझी गाडी. ती तशीच आहे, त्याच्या कपाटात, उजवी बाजू भिंतीकडं करून.

फेंडरचे चार तुकडे माझ्याकडं आहेत, बिस्किटाच्या डब्यात. गेल्या दिवाळीत तो दुसऱ्या किटची बॉडी घेऊन आला, उघडी, रंगाचा थेंबही नसलेली. आल्याआल्या आत वाकून, भिंग लावून, गेट शोधत बसला.